पाऊणकी

बुरोंडीच्या शाळेत हजर झालो तेव्हा
समुद्रातलं मला ओ की ठो येत नव्हतं.
मी मंगळवेढ्याचा, ज्वारीच्या रानातला.
पहिलीत अकरा मुलं, उंदरांनी कुरतडलेला एक तक्ता,
मणी हरवले म्हणून मोजायला
डालड्याच्या डब्यात शिंपले.

दुर्वा पावसेनं बावीस शिंपले मांडले
आणि म्हणाली, "एक ईसा नि दोन."
तिची आई बंदरावर बांगडा तसाच मोजते.
मी पाटीवर काट मारली.
बावीस म्हण, बावीस.
सात वर्षांनी नवं पुस्तक आलं,
त्यात छापलं होतं: वीस दोन.
तेव्हापासून ती काट
अधूनमधून माझ्याकडे बघते.

चौथीत अपूर्णांक.
फळ्यावर भाकरी काढली, चार भाग केले,
तीन रंगवले.
कुणालाच भूक लागली नाही.
मागच्या रांगेतून दुर्वा म्हणाली,
"आज पंचमी. पाच पाऊण पावणेचार.
पावणेचारला पाणी पायरीला लागंल."

शाळा लवकर सोडली, हे कबूल करतो.
जेटीच्या तिसऱ्या पायरीवर बसलो
मनगट डोळ्यांसमोर धरून.
पाणी आलं पावणेचार वाजून पाच मिनिटांनी.
"पाच मिनिटं चुकलीस," मी म्हटलं.
"तुमचं घड्याळ पुढं हाय, गुर्जी."

एक पाऊण पाऊण.
दोन पाऊण दीड.
तीन पाऊण सव्वादोन.
माझ्या पिढीच्या पुस्तकातून गेलेला पाढा
मी नऊ वर्षांच्या मुलीकडून शिकलो,
वयाच्या एकतिसाव्या वर्षी,
आणि फळ्याच्या डाव्या कोपऱ्यात लिहून ठेवला.
रोज वर तिथी, खाली भरती.

केंद्रप्रमुख आले. चष्मा वर करून म्हणाले,
हे कुठल्या अध्ययन निष्पत्तीत बसतं?
मी पुसलं.
डस्टर शोधायलाही थांबलो नाही,
तळहातानं पुसलं.
मुलं गप्प बघत होती. तेही लिहून ठेवतो.

पुढं ती दापोलीच्या हायस्कुलात गेली.
संध्याकाळी एसटीतून उतरून
कधी क्ष घेऊन यायची, कधी वर्गमूळ,
आणि दहावीत एकदा हे:
साठ मीटर उंच दीपगृह.
वरून बोटीचा अवनत कोन तीस अंश.
बोट किती लांब?

तिनं आकृती काढली, टॅन तीस मांडलं,
साठ गुणिले वर्गमूळ तीन,
एकशे तीन पूर्णांक आठ मीटर.
बरोबर, मी म्हटलं.
ती वही मिटेना.
"शंभर मीटरवर दीपगृह, म्हणजे खाली खडक.
एवढ्या जवळ बोट आणली कुणी?
आणि ती येतेय की जातेय?"
ते विचारलेलं नाही, दुर्वा.
"उत्तर बरोबर हाय," ती म्हणाली,
"तांडेल चुकलाय."

मी हसलो. ती हसली नाही.
तिचा काका कार्तिकात खडकाला लागलेल्या बोटीवर होता,
वाचला, पण आता किनाऱ्यावर जाळी विणतो.
हे मला माहीत होतं,
आणि मी हसल्यानंतर आठवलं.

गणितात तिला एकसष्ट मिळाले.
मला ते कमी वाटले, तिच्या आईनं पेढे वाटले.

बदलीचा अर्ज नऊ वर्षं फिरत होता.
आदेश आला तेव्हा पट होता सहा.
सहा मुलांत ईसा होत नाही.
जाण्याआधी डब्यातले शिंपले मोजले,
मोठ्यानं, पहिलीच्या पोरांसारखे:
सात ईसा नि तीन.
डबा खिडकीत ठेवला, झाकण लावलं नाही.

सकाळी दशमी होती.
दहा पाऊण साडेसात.
एसटी सव्वासातची.
पायरी अजून कोरडी होती
तेव्हा मी निघालो.