खोली नंबर चार, सावदा

रात्री सव्वादोनला मी दार लावते.
रबराची पट्टी चौकटीला चिकटते.
बाहेर बऱ्हाणपूर रोड अजून तापलेला,
आत सतरा अंश, नव्वद टक्के ओल,
नऊशे वीस क्रेट हिरवी केळी.
आणि आता गॅस.

वहीत लिहायचं : वेळ, दाब, सही.
मी 'कु. वैजयंती फेगडे' असं पूर्ण लिहिते.
बी.एस्सी. झाल्यापासून
पूर्ण नाव लिहायला दुसरी जागा मिळालेली नाही.

रमजानकाका तडवी उलट्या क्रेटवर बसून तंबाखू मळतात.
"पोरी, केयाले कोन सांगते, आता पिक म्हनून?"

मी सांगू लागते.
काका, एकेका पेशीत एक खतावणी असते,
शेठच्या तिजोरीतल्यासारखी. ती बाहेर येत नाही.
पानात तीच, मुळात तीच, केळफुलात तीच,
फक्त गोडीचं पान
पानाला कधी उघडावं लागत नाही.
बाहेर येतो तो चिठोरा :
त्या एका पानाची घाईत उतरलेली नक्कल.
मधला फापटपसारा कापायचा, टोकं जोडायची,
शेवटी अ अ अ अ अशी लांब शेपटी,
वाटेत लगेच कुरतडली जाऊ नये म्हणून.

"अन् वाचते कोन?"

हमाल, काका. तुमच्यासारखे.
अख्खी ओळ नाही वाचत ते,
तीन अक्षरं घ्यायची, एक मणी ओवायचा,
पुढची तीन, पुढचा मणी.
माळ झाली की ती स्वतःभोवतीच गुंडाळते
आणि कामाला लागते :
कुणी पिठाची साखर करतं,
कुणी हिरवा रंग खरवडतं,
कुणी साल सैल करतं.
चिठ्ठी वाचून वाचून जुनी झाली
की कुणीतरी ती चावून टाकतं.

"हे बरं हाये," काका म्हणतात,
"माह्या घरी उधारीच्या चिठ्ठ्या
बापाच्या येयच्या हाये अजून."

ते हसतात, बाहेर थुंकायला जातात,
आणि उरलेलं मी सांगत नाही.

की हिरव्या केळ्यातही
'पिक' म्हणणारं प्रथिन घडतच असतं.
घडतं, आणि तासाभरात मोडतात.
पुन्हा घडतं. पुन्हा मोडतात.
बागेत, घड कापताना, ट्रॅक्टरच्या हिसक्यांत,
आत कुणीतरी मोडायलाच बसलेलं.
गॅस काही सांगत नाही.
तो फक्त मोडणाऱ्याचा हात धरतो.

दरवर्षी जूनमध्ये मी विद्यापीठाचा एक फॉर्म भरते.
जुलैत तो टेबलाच्या खणात सापडतो, दोन तुकड्यांत.
कुणी फाडला,
ही नोंद या वहीत नाही.

दुसऱ्या रात्री गॅस बंद. दार उघडून कोंडलेली हवा सोडते.
आता बाटलीची गरज नाही,
केळीच केळ्यांना कळवतात.
मीटरच्या आधी काकांचं नाक सांगतं, "लागली."

सहाव्या थरातला एक क्रेट तसाच.
चिनावलची केळी, भाव पडायच्या भीतीनं कोवळी कापलेली.
गॅस तोच, ओल तीच, तास तेवढेच,
आणि सालीवर एक ठिपका नाही.
हाक पोचली असेल,
पण आत उठणारं कुणी तयार नव्हतं,
असं मला वाटतं. खात्री नाही.
तेवढं बघायला मायक्रोस्कोप सोडा,
इथे धड टेबललॅम्प नाही.

काका त्यातलं एक केळं उचलतात,
बंडीच्या खिशात ठेवतात.
"गव्हाच्या कोठीत टाकतो.
त्याचं ते पाहीन."

मी वही ओढते. खोली चार. पहाटे पाच दहा.
क्रेट नऊशे एकोणीस, पिवळी, रवाना.
एक परत.
शेरा : त्यात एक केळं कमी.
खाली सही, पूर्ण.