एकोणचाळीस नंबरची टेप

होटगी रोडवर, बँकेच्या तळघरात,
बाहेर चव्वेचाळीस, आत बावीस.
मौलाली नदाफ मे महिन्यात स्वेटर घालून बसायचे
आणि डब्यातली कडक भाकरी
काचेच्या दाराबाहेर, जिन्यावर खायचे.
शेंगाचटणीचा एक कण आत गेला
तर ड्राइव्हचं डोकं फिरतं म्हणायचे,
"आणि माझंबी."

पहिल्या दिवशी टेप हातात दिली नाही.
आधी हात बघितले माझे.
तेल नको, बांगडी नको, घाई तर नकोच.
मग दिली, भरलेली कपबशी देतात तशी.
तळहाताएवढं काळं खोकं,
आत किलोमीटरभर फीत, केसाहून पातळ.

"उभी ठेव. एकीवर एक रचू नको,
ह्या काय चादरी हायत?
स्टिकर खाचेतच, जुन्यावर नवा नाही.
स्पीकर, मोटार, लोहचुंबक, सगळं लांब.
पुढचं झाकण सरकतं, म्हणून सरकवायचं नाही.
बोट लागलं फितीला की
एका बोटात अख्खी शाखा जाते."

शनिवारी बार्शीहून पेटी यायची.
डिकीत नाही, मागच्या सीटवर, पट्टा लावून.
मी लगेच मशीनकडे निघाले
तर त्यांनी हात आडवा घातला.
"भाग्या, उन्हातून माणूस आला
तर आल्या आल्या विचारपूस करतो का आपण?
आधी तांब्या.
हिला चोवीस तास."

अशाच एका शनिवारी
चौथ्या पायरीवर पेटीची कडी निसटली.
एकच पडली.
आवाज एवढासा, टिकल्यांची डबी पडावी तसा.
उचलली. ओढणीनं पुसली.
चरा नाही, टवका नाही.
अडतीस आणि चाळीसच्या मधे लावून टाकली
आणि तीन दिवस
तळघरात मला घाम येत राहिला.

चौथ्या दिवशी सांगितलं.
ते ओरडले नाहीत.
टेप कानाशी धरून हलकेच हलवली,
टॉर्च लावून झाकणाआडून पाहिलं.
टोकाची पिन तांदळाच्या दाण्याइतकी सरकलेली.
"लावली असतीस तर मशीननं ओढली असती,
मग फीतबी गेली असती, मशीनबी.
पडलेली टेप सांगत नाही, बाई.
उचलणाऱ्यानं सांगायचं असतं."
रजिस्टरात लिहिलं: ३९. पडली. जिना.
नावाचा रकाना रिकामा ठेवून
पेन माझ्यापुढे सरकवलं.

दुसरी प्रत होती, मार्चअखेरची, कपाटात.
"आहे म्हणून भागत नाही, वाचून बघायची.
सांग एखादा खाते नंबर."
मला पाठ एकच.
आईचं पिग्मी खातं, रोजचे वीस रुपये,
हजार विड्या वळल्यावर
चिप्पा पिग्मीवाल्याच्या हातात पडणारे.

टेप आत गेली. घरघर, मग थांबली,
मागे गेली, पुन्हा पुढे.
पडद्यावर ओळी उतरल्या.
वीस, वीस, वीस,
एक दिवस दहा,
पुन्हा वीस.
आणि जूनमध्ये एकदम उणे सहा हजार.

जूनमध्येच माझ्या कोर्सची फी भरली होती.
विजापूरच्या मामानं पाठवली,
असं ती म्हणाली होती.

"जुळतंय का?" नदाफांनी विचारलं.
जुळतंय म्हटलं.
पडदा बंद केला, टेप काढली,
डबीत घातली, उभी ठेवली,
आणि हात थोडा वेळ तिच्यावरच राहू दिला.

घरी पोचले तेव्हा
आई कारखान्यातून विड्या देऊन
नुकतीच येत होती, सूप काखेत,
पदराला तंबाखूचा वास, कपाळ तापलेलं.
तिच्यापुढे तांब्या ठेवला.
आल्या आल्या काही विचारलं नाही.