मिसिंग, लॉस्ट

बंदराच्या कचेरीत माझ्याकडे दोन कामं:
भरती-ओहोटीच्या वेळा फळ्यावर लिहायच्या
आणि न परतलेल्या बोटींची वही ठेवायची.

वहीत बोटीच्या नावापुढे एक रकाना.
आधी त्यात लिहायचं मिसिंग, पेन्सिलीनं.
मग लंडनहून विमा कंपनीची तार आली
की ते खोडून लॉस्ट, शाईनं.
रॅम्सडेनसाहेबांनी पहिल्याच दिवशी बजावलं,
'घोळ करू नकोस, पोरा.
एका शब्दावर खिडकीत दिवा जळतो,
दुसऱ्यावर पेन्शन मिळते.'

किटिवेक जानेवारीत निघाली, आइसलंडच्या अंगाला,
कॉड धरायला. चौदा माणसं.
रेडिओ गप्प झाला तेव्हा
दोरखंडांवर बर्फ चढत होता, एवढंच कळलं.
मी पेन्सिलीला टोक काढलं.

हेस्टर ब्लँचर्ड रोज यायची.
बोट निघाली त्या दिवशी तिनं कपडे धुतले नव्हते.
धुतले तर माणूस वाहून जातो, म्हणतात आमच्याकडे.
हे तिनं मला तीनदा सांगितलं,
जणू मी जबानी घेत होतो.

त्या दिवसांत दोन्ही शब्द मी निरखून पाहिले.
मिसिंग अजून चालू असतो,
डेकवर टाकलेल्या माशासारखी
त्याची शेपटी हलत राहते.
सेटमधला सहावा कप मिसिंग,
धाकटीचा पुढचा दात मिसिंग,
आणि कुणासाठी जीव तुटतो तेव्हाही हेच क्रियापद:
तो तिकडे नाही, ती इकडे झुरते,
दोघांत मिळून एक.

लॉस्ट मिटलेला.
शेवटचा ट म्हणजे ओढून घेतलेलं दार.
सामना हरलो, लॉस्ट. धुक्यात वाट चुकलो, लॉस्ट.
छत्री बसमध्ये राहिली,
तीही.

एकोणिसाव्या दिवशी तार आली.
शाई वाळायच्या आत हेस्टरनं वाचलं.
'ह्या शब्दाला हरवणारा लागतो,' ती म्हणाली.
'हातमोजा मी हरवते. किल्ल्या मी हरवते.
आर्थरला कुणी हरवलं?
मी? कंपनीनं? तू?'
मी टीपकागद दाबत राहिलो,
गरजेपेक्षा बराच वेळ.

पेन्शन सुरू झाली.
दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी ती सही करायला येते.
फॉर्मवर छापलेलं असतं: पती, समुद्रात लॉस्ट.
ती माझ्या टेबलावरची पेन्सिल उचलते,
तेवढा शब्द खोडते,
वर दुसरा लिहिते, बारीक, शाळकरी अक्षरात.

नियमानं असा फॉर्म परत पाठवायचा असतो.
अकरा वर्षं झाली.
मी शिक्का थोडा खाली मारतो,
तिच्या अक्षराला लागणार नाही असा.
आणि गुरुवारी, घरी जाण्याआधी,
पेन्सिलीला टोक काढून ठेवतो.