रुमालाखाली

बार्शी-स्वारगेट, दुपारी दीडची गाडी.
इंदापूर सुटलं तेव्हा लक्षात आलं
की रात्री झोपायचं कुठे हे ठरलेलंच नाही.

पुण्याला आम्ही आजवर गेलो ते कारण घेऊन.
सासऱ्यांच्या फुफ्फुसाचे फोटो काखेत धरून,
निशिगंधाच्या ॲडमिशनची फाईल घेऊन,
एकदा कोर्टाच्या तारखेला, ती नुसतीच पुढे गेली
आणि आम्ही संध्याकाळच्या गाडीनं मागे.
काल जेवताना मात्र, आमटीत भाकरी कुस्करत हे म्हणाले,
"उद्या अमावास्या. यार्ड बंद. पुण्याला जाऊन येऊ."
कशाला, मी विचारलं.
"असंच."
एकोणीस वर्षांत हा शब्द यांच्या तोंडून आला नव्हता.
भाकरी तव्यावर करपली.

निशिगंधानं फोनवर समजावलं:
भाग निवडा, किती तारे ते निवडा, आपला भाव टाका.
हॉटेलचं नाव पैसे भरल्यावर उघडतं.
बोली तीनदाच.
यांनी ऐकलं, आणि हसले.
"अगं, हा तर रुमाल."

अडतीत तीस वर्षं यांनी भाव असेच केले,
कापडाखाली हात घालून, बोटं दाबून.
चेहरा दगडाचा. बोलतो तो हात.
शेजारी ज्याची तूर आहे तो उभा असतो
आणि त्यालाच काही दिसत नाही.
आता ते बंद झालंय म्हणतात.
बोटांना कायदा उशिरा कळतो.

"अमावास्येला कुणाचं लग्न नाही," हे म्हणाले,
"खोल्या पडून असणार. नऊशे टाक."
गोल फिरलं, फिरलं. क्षमस्व.
भिगवणला पाण्यात रोहित उभे होते एका पायावर,
बिनभाड्याचे.
अकराशे टाकले.
पडद्यावर आलं: अगदी जवळ आला होता!
"ही दलालाची भाषा," हे म्हणाले,
"जवळ आलात म्हणजे वर चढा."

पाटसचा टोल गेला. शेवटची बोली.
पुढच्या सीटवरचा माणूस कान देऊन होता,
म्हणून यांनी खांद्यावरचा टॉवेल काढला,
माझ्या हातावर टाकला आणि खाली आपला हात घातला.
मला ती भाषा येत नाही.
मधली दोन बोटं धरली, सोडली,
मग अख्खा पंजा, मग अंगठ्याच्या मुळाशी काहीतरी,
आणि हात तिथेच राहिला.
चौफुला गेलं. यवत गेलं.
उरलेल्या हातानं मी तेराशे पन्नास टाकले,
माझ्याच मनानं.

मंजूर.
सुवर्णदीप, रास्ता पेठ, दुसऱ्या गल्लीत आत.

काउंटरवरच्या मुलानं विचारलं, येण्याचं कारण?
लग्न, दवाखाना, व्यवसाय?
मी म्हटलं, असंच लिहा.
"तसं इथे येत नाही, काकू."
त्यानं 'इतर' दाबलं.

लिफ्टमध्ये जळगावचे एक गृहस्थ भेटले.
"आम्हाला अठराशे पडली. तुम्हाला?"
यांनी टॉवेल खांद्यावर नीट केला,
वरचे आकडे बघत राहिले: एक, दोन, तीन.

खोलीच्या खिडकीसमोर, हातभरावर,
पलीकडच्या इमारतीचा जिना.
तिथे एक मुलगी फोनवर कुणाशी तरी हळू भांडत बसलेली.
मी दिवा लावला नाही.
विचारलं, खरं सांगा, गाडीत किती म्हणाला होतात?
बराच वेळ काही नाही.
मग म्हणाले, "बोटं सवयीनं गेली.
परवाचा तुरीचा भाव होता तो. सात हजार दोनशे."

मी एवढ्या मोठ्यानं हसले
की त्या मुलीनं भांडण थांबवलं
आणि आमच्या अंधाऱ्या खिडकीकडे
फोन कानाला तसाच धरून
बघत राहिली.