सात बोटांचं पान

टॉवेलचा नमुना परत आला.
सोबत पाकिटात दाबून वाळवलेली एक डहाळी
आणि शेठच्या हातची चिठ्ठी:
'जपानचं गिऱ्हाईक म्हणतं, हे आमचं मेपल नव्हे,
हे दुसऱ्या कुणाच्या झेंड्यावरचं.
खरं बघून काढा. सोमवारपर्यंत.'

तीस वर्षं ग्राफ मारतोय मी साखर पेठेत.
मोर, कोयऱ्या, कमळं,
एकदा तर आख्खा ताजमहाल
चौकोनाचौकोनांनी बसवला चादरीवर.
पान काय, म्हटलं, पान.

भिंगाखाली धरलं.
लाली उडून कातासारखं झालेलं.
मोजली: सात बोटं.
मधलं लांब, बाजूची आखडत गेलेली,
शेवटची दोन देठाकडे मागे वळून बघणारी.
चिरा निम्म्याच्या पार आत गेलेल्या.
माझं पान त्यापुढे रुंद, सुस्त,
दुपारी झोपून उठल्यासारखं.

बालमणीच्या मांडीवर सूप,
हजारातल्या सहाशे विड्या झालेल्या.
तेंदूचं पान ती न बघता ओळखते,
कुठलं कोवळं, कुठलं गळणार.
घरात आम्ही आकु म्हणतो, बाजारात पान.
कात्री ठेवून म्हणाली, 'आणा इकडं.'

अंगठा कडेवरून फिरवला.
'करवत हाय ही. आणि करवतीच्या दातालाबी दात.'
मी पुन्हा भिंग लावलं.
होते.

'आणि हे बघा की,
पानं एकाआड एक नाहीत,
समोरासमोर बसल्यात, जेवायला बसल्यागत.
तुम्ही एकेकटं काढलंत.'

पानाआड एक जोडफळ निघालं,
पाठीला पाठ लावलेल्या दोन बिया,
मिशीसारखे पसरलेले दोन पंख.
तिनं ते पंख्याच्या वाऱ्यात सोडलं.
गरगरलं, दुभंगलं,
तंबाखूत उतरलं.

'विडी नाही व्हायची ह्याची,' ती म्हणाली,
'नुसत्या फटी. धूर कुठनं कुठनं निघंल.'

रात्रभर बसलो.
एका चौकोनाला एकच धागा,
दाताचा दात मावत नाही त्यात.
एक सोडला, एक घेतला.
पानं समोरासमोर मांडली,
कोपऱ्यात दोन पंख.

शेठ म्हणाला, 'हे कुणी मागितले?'
म्हटलं, 'ओळख पटावी म्हणून.'

सुपात एकच पंख सापडला.
दुसरा गेला कुठल्यातरी बंडलात,
अक्कलकोट नाक्यावर कुणीतरी
ओढत असेल, खोकत,
आणि म्हणत असेल, आज चव वेगळी.