अडीच तोळे

ब्रॉटी फेरीला समुद्र खिडकीपर्यंत येतो
आणि काही आठवल्यासारखा परत जातो.
एल्स्पेथ गेडीजबाईंनी बिस्किटांच्या डब्यातून
लोकरीच्या मोज्यात गुंडाळलेलं ते काढलं, टेबलावर ठेवलं,
आणि चहाचं विचारायला विसरल्या.

मी काटा लावला. एकोणतीस ग्रॅम, वर चिमूटभर.
मनात आपोआप: अडीच तोळे.
हुपरीला बागेसरीपुढे बसून वडील म्हणायचे,
नक्षी मागाहून बघ, आधी तळहाताला विचार.
तळहात म्हणाला, हो.

मग नक्षी.
रुंद काठाची टोपी, दोन भाले, एक घोडा.
माणूस वर बसलेला नाही,
शेजारी उभा, घोड्याच्या मानेआड अर्धा गेलेला.
भोवती झिजलेली अक्षरं: बिसाल्ताई.
डोंगरातून चांदी काढणारे लोक.
त्यांची गावं नेमकी कुठे, यावर अजून वाद आहे.
घोड्याच्या खुरांवर नाही.

मागे नुसता चौकोन, चार खणांचा, खोल.
घणाचा घाव तिथे बसला, तसाच राहिला.

आणि कडेला छिन्नीचा छेद.
कुठल्या तरी लांबच्या बंदरात कुणीतरी
आत तांबं आहे का, ते पाहिलं होतं.
वडीलही लगडीला असाच छेद द्यायचे,
मालक समोर असला तर त्याच्याकडे न बघता.
मी भिंग लावलं.
आत चांदी, आणखी आत चांदी.

"खरं आहे का हो?"
त्यांचे आजोबा खेचरांच्या तुकडीत होते.
स्ट्रुमाकाठी खंदक खणताना फावड्याला खणखणलं.
त्या उन्हाळ्यात गोळ्यांपेक्षा डासांनी जास्त माणसं नेली.
आजोबा चालत राहिले, खेचराच्या शेजारून.
वर दारूगोळा असायचा, बसायला जागा कुठली.

मोज्यात एक पाकीटही होतं. पेन्सिलीनं लिहिलेलं:
स्ट्रुमा, ऑगस्ट सतरा.
त्याखाली, जरा दाबून: जेसी.
"तुमच्या आजी?"
"आजीचं नाव विनिफ्रेड," बाई म्हणाल्या. "जेसी खेचर."

लिलावाच्या फॉर्मवर मी भरत गेले
वजन, व्यास, काठावर जुना छेद,
पूर्वीचे मालक: गेडीज, त्याआधी गेडीज.
जेसीला कुठला रकाना द्यावा कळेना.
नाणं मी चौकोनावर करून ठेवलं होतं, फोटोसाठी.
बाईंनी बोलता बोलता ते उलटलं,
घोडा वर आणला,
आणि कितीतरी वेळ हात तिथून काढला नाही.