पॉइंटमागे पाच

स्विंडनहून इनास फोनवर शिकवतो,
तिकडे दुपार, सारमानसला दिवेलागण:
"शेअर घ्यायचा नाही रे, बाब.
कंपनीचा खिळासुद्धा तुझा होत नाही.
दर हलतो. त्या हलण्यावर बोलायचं.
चढेल म्हण, नाहीतर उतरेल म्हण."

म्हणजे धिरयो, मी म्हटलं.
बैल दुसऱ्याचे, शिंगं दुसऱ्याची,
आपण मेरेवर उभं राहून ओरडायचं.

"दोन आकडे दिसतील.
एकशेएक्केचाळीसला विकता येतं,
एकशेत्रेचाळीसला घेता येतं.
मधले दोन दुकानदाराचे."
हे मला नको शिकवूस.
आवेलिना जेटीवर बांगडे ज्या दराने उचलते
आणि डिचोलीत ज्या दराने वाढते,
त्या मधल्या फटीत तिने तीन मुली उजवल्या.

"आता कंपनी निवड."
निवडायची कसली?
एकतीस वर्षं तिच्या बार्जी मोजल्या मी.
काठ पाण्यापासून किती वर, एवढं बघून
टन सांगायचो; काटा नंतर माझ्याशी जुळायचा.
निवृत्त झालो, पण बाल्कनी नदीकडेच आहे.
गेल्या सोमवारी चार गेल्या. गुरुवारी एक,
तीही हलकी, उंच, रिकाम्या घागरीसारखी.
मग नुसती नदी.

उतरेल, मी म्हटलं.
"मग आधी विक, नंतर घे."
जे माझं नाही ते विकू?
"तेच तर."

पेनीला एक पॉइंट, पॉइंटमागे पाच पौंड.
सातशेपाचाचं ओझं,
पण दारात ठेवायचे एकशेएक्केचाळीस फक्त.
चवथीला बाजूला काढलेले पैसे
मी पुतण्याकरवी इनासच्या आईला पोचवले.
पुतण्याला सांगितलं, जुनी उधारी.

"आणि एकशेपंचावन्नला मानशी लाव," इनास म्हणाला.
त्याला आपल्या खाजनाची भाषा अजून येते.
"पाणी तिथवर चढलं की दार आपोआप पडेल.
सत्तर जातील. शेत वाचेल."

पुतण्या, प्रेमानंद, टिपर चालवतो.
त्याच खाणीवर, हप्ते अजून बाकी.
रात्री जेवताना म्हणाला,
काका, महिनाअखेर बंद करतायत म्हणे.
आणि माझ्या आत काहीतरी
टुणकन उडालं.
मी भात कालवत राहिलो.
खाली बघून.

बंद झाली.
मी बरोबर होतो.
एकतीस वर्षांत एकदाही चुकलो नव्हतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी इनासचा फोन,
आवाज कोरडा.
दर उघडला एकशेअडुसष्टला.
चढला? खाण बंद झाली आणि चढला?
"तोट्यातली होती रे ती. गळ्यातली धोंड गेली म्हणतात इथे."
आणि मानशी?
"रात्री एकशेपन्नास होता, सकाळी एकशेअडुसष्ट.
मधे पाणी नव्हतंच दार पडायला.
बांधावरूनच गेलं."

सत्तावीस पाचे एकशेपस्तीस.
मी हिशेब तोंडी केला, दोनदा.
माझ्या बाल्कनीतून एक नदी दिसत होती.
कंपनीला आणखी नद्या होत्या.

सहा पौंड उरले आहेत.
ठेवू का, इनास विचारतो,
पुन्हा कधी लावायचे झाले तर.
टिपरची बॅटरीसुद्धा येत नाही तेवढ्यात.
टिपर मागच्या परसात उभा आहे,
हौद्यात कोंबडी बसते.
प्रेमानंद मला बार्जींबद्दल विचारत नाही,
मी त्याला हप्त्यांबद्दल.

संध्याकाळी वही उघडतो अजून.
तारीख लिहितो.
बार्ज: नाही.
पाणी: भरती.